डावीकडच्या सीटवरच्या युलानताई

मँचेस्टरला नव्यानं आलेल्या मराठी माणसाला जुनी मंडळी पहिल्याच भेटीत काही फोन नंबर देत. ताजी मेथी आणि जाड पोहे ठेवणाऱ्या दुकानदाराचा, सांगितलेल्या दिवशी खरोखर येणाऱ्या प्लंबरचा आणि युलानताईंचा. पहिले दोन मी लगेच वापरले. तिसरा फोनमध्ये नुसता पडून राहिला, कारण मला ड्रायव्हिंग शिकायची गरज आहे असं मला वाटतच नव्हतं. नाशिकला मी कित्येक वर्षं गाडी चालवली होती. द्वारका चौकातून संध्याकाळी सहीसलामत गाडी बाहेर काढणाऱ्या बाईला इथल्या मोकळ्या रस्त्यांचं काय कौतुक?

पहिलं वर्ष भारतातल्या लायसन्सवर निघालं. मग मी इथली टेस्ट दिली आणि नापास झाले. मी लहान मुलांची डॉक्टर. हॉस्पिटलच्या बाहेरची क्लिनिक्स करायला कधी स्टॉकपोर्टला, कधी ओल्डमला जावं लागायचं. बस आणि ट्रॅम बदलत बदलत पोहोचेपर्यंत अर्धी सकाळ जायची. शेवटी मान खाली घालून तो नंबर फिरवला.

दारात लाल रंगाची छोटी गाडी येऊन थांबली. सत्तरीकडे झुकलेली एक बुटकी चिनी बाई उतरली. पांढरे केस कानाखाली सरळ रेषेत कापलेले, अंगात निळं जाकीट. आता चालवणार मी आणि ती बसणार डावीकडे, म्हणून मी आपली रीतीप्रमाणे पुढे झाले आणि तिच्यासाठी डावीकडचं दार उघडलं.

"नको, लव्ह," ती इथल्या बायकांसारखं म्हणाली आणि दार परत लावलं. मग स्वतः उघडून आत बसली.

पुढे कळलं, हा त्यांचा नियमच होता. त्यांचं दार कुणी उघडायचं नाही आणि त्यांची पिशवी कुणी उचलायची नाही. एकदा त्यांची पाठ धरलेली असताना आमच्या मराठी मंडळातल्या एका तरुणानं त्यांच्या हातातलं किराण्याचं ओझं घेतलं, तर त्या त्याच्यामागून भराभर चालत गेल्या आणि ते काढून घेऊन आल्या.

त्यांचं नाव शेन युलान. 'ताई' आम्ही लावलं. त्याचा अर्थ त्यांनी विचारला तेव्हा मी सांगितलं, मोठी बहीण. त्या खूश झाल्या. "आमच्यात पण असतं. दाजिए." मी हसायला लागले. म्हटलं, आमच्याकडे दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि तेव्हापासून स्टॉकपोर्टमध्ये जन्मलेला तो उंच, लाजरा गोरा माणूस आम्हा सगळ्यांचा केनदाजी झाला.

केनदाजींना गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यभर ते एका लायब्ररीत होते आणि बसनं जा-ये करत. लग्नानंतर युलानताईंनी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला होता. "आमचं भांडण झालं ते तेवढंच," त्या सांगत. "तो प्रत्येक झाडाचं नाव सांगायचा. मी म्हणायची, झाड नको, सायकलवाला बघ. तो म्हणायचा, हो, पण हे बघ, हॉर्नबीम!" मग दोघांनी मिळून ठरवलं की घरात एकच ड्रायव्हर पुरे.

शिकवताना युलानताई 'शाब्बास' म्हणत नसत. त्यांच्या बाजूला वेगळा क्लच आणि ब्रेक होता, आणि त्यांचे पाय कायम त्यावर तयार असायचे. आपण नीट चालवायला लागलो की एखाद्या दिवशी त्या पाय हळूच मागे घेत आणि सीटखाली घोट्यावर घोटा टाकून बसत. एवढंच. तो दिवस आला की माणूस घरी जाऊन नवऱ्याला, बायकोला फोन करून सांगायचा, "आज त्यांनी पाय मागे घेतले!"

आरशाबद्दल त्यांचा फार आग्रह. "आरसा. सिग्नल. आरसा. मग वळ." आमच्यातल्या एकानं, तो थोडं काव्य वगैरे करायचा, एकदा भारावून म्हटलं होतं, "ताई, म्हणजे माणसानं मागचं विसरायचं नाही, पण पुढे चालत राहायचं, असंच ना?" युलानताईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाही, लव्ह. मागून सायकल येते म्हणून."

नागपूरहून नवऱ्याच्या नोकरीसाठी आलेली पल्लवी स्टिअरिंगला हात लावला की थरथरायची. रस्त्यावर दुसरी गाडी दिसली की डोळे मिटून घ्यायची. तिला त्या कितीतरी रविवार दफनभूमीच्या कडेच्या शांत रस्त्यावर नेत होत्या. "इथल्या लोकांची तुझ्याबद्दल काही तक्रार नाही," त्या तिला सांगत. पल्लवीनं एकदा रडत रडत विचारलं, "माझी भीती कधी जाणार?"

"कशाला जायला पाहिजे? घाबरलेला माणूस बघून चालवतो. न घाबरणारे मला नकोत. ते माझी गाडी ठोकतात."

पल्लवी पहिल्या प्रयत्नात पास झाली. मी दुसऱ्यांदा नापास झाले. नापास झालेल्याला युलानताई टेस्ट सेंटरवरून थेट चिप्सच्या दुकानात नेत. गरम चिप्स, म्हणजे बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी, व्हिनेगर, वर करी सॉस नावाचा तो पिवळा प्रकार. पास झालेल्याला काही नाही. "त्याला लायसन्स मिळालं की. अजून चिप्स कशाला?" चिप्स खाताना टेस्टचा विषय काढायचा नाही, हाही नियम. त्या दिवशी आम्ही केनदाजींनी लावलेल्या वाटाण्यांबद्दल बोललो आणि मी घरी गेले ती चक्क बऱ्या मनानं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या. घरी एकट्या कंटाळतात म्हणून एका शनिवारी मी युलानताईंना विचारून त्यांना मागच्या सीटवर घेतलं. आईंनी डब्यात थालीपीठ आणि लसणाची चटणी घेतली होती. धडा संपल्यावर आम्ही एका बागेच्या कडेला थांबलो आणि युलानताईंनी ती चटणी अशी खाल्ली की आईंचं मन त्यांनी तिथेच जिंकलं.

"ही बाई मोठ्या घरची आहे," आई मला मराठीत म्हणाल्या. "बसते कशी बघ. आता थकली, तरी पाठ टेकवत नाही. विचार तिला, वडील काय करायचे."

"आई, असं विचारत नाहीत इथे."

"तिला चालेल. मी सांगते ना."

युलानताईंना शब्द तेवढे कळले नव्हते, बाकी सगळं कळलं असावं. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी विचारलं.

"नोकरी. सरकारी," त्या म्हणाल्या.

"मग?" आईंनी विचारलं.

"मग नोकरी गेली."

मी ते मराठीत सांगितल्यावर आईंचा घास हातातच राहिला. "अगंबाई! सरकारी नोकरी अशी जाते का कधी?"

मी हे इंग्रजीत सांगितलं, आणि युलानताई हसायला लागल्या. आधी नुसता आवाज, मग खांदे, मग डोळ्यांत पाणी. मी त्यांना एवढं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आईंना वाटलं आपण काहीतरी विनोदी बोललो, म्हणून त्याही हसल्या. निघताना आईंनी उरलेली चटणी त्यांना बांधून दिली. पिशवी मात्र त्यांची त्यांनीच उचलली.

त्यानंतर काही महिन्यांनी जिया आली.

जिया युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली चिनी मुलगी. बडबडी, हसरी, पार्किंगमध्ये अगदीच कच्ची. शनिवारी माझ्यानंतर तिची वेळ असायची. मी गाडी चालवत तिच्या हॉस्टेलपर्यंत जायचे, तिथे ती स्टिअरिंगवर बसायची, मी मागे जायचे आणि ती मला माझ्या घरी सोडायची. अशानं युलानताईंचं पेट्रोल वाचायचं आणि मला फुकटात दुसऱ्याच्या चुका बघायला मिळायच्या.

एका शनिवारी जिया गाडी चालवता चालवता चिनी भाषेत काहीतरी सांगायला लागली. आवाजावरून गंमत सांगते आहे असं वाटत होतं, एखादं कोडं घालावं तसं. युलानताईंनी एकच प्रश्न विचारला. जियानं उत्तर दिलं. आणि गाडी थांबली.

त्यांनी ब्रेक दाबला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माझ्या सगळ्या शिकवण्यांत कारण नसताना त्यांचा ब्रेक लागलेला मी तेव्हाच पाहिला. त्यांनी धोक्याचे दिवे लावले, उतरल्या, फुटपाथवर जाऊन एका घराच्या कुंपणापाशी आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"मी काय चुकीचं बोलले?" जियाचा चेहरा उतरला होता.

"काय बोललीस?"

ती सांगू लागली. तिनं घरी फोटो पाठवला होता: ही माझी गाडी, ह्या माझ्या टीचर. तिचे आजोबा दूर एका गावात असतात, खूप म्हातारे झालेत. त्यांनी फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला, टीचरचं नाव विचारलं आणि म्हणाले, तिला विचार, लहानपणी गाडीचा पडदा चिमट्यानं कोण वर करायचं. "मी तेच विचारलं. त्यांनी विचारलं, तुझ्या आजोबांचं आडनाव काय. मी सांगितलं, दिंग. एवढंच."

युलानताई परत आल्या. पट्टा लावला. "राइट देन. आरसा, सिग्नल." माझ्या घरापर्यंत त्यांचे पाय पेडलवरून हलले नाहीत.

पुढच्या शनिवारी जियाची वेळ रद्द होती. त्याच्या पुढच्याही. मी विचारलं नाही. त्या दुसऱ्या शनिवारी धडा संपल्यावर त्यांनी मला गाडी चिप्सच्या दुकानासमोर लावायला सांगितली.

"पण मी नापास झालेले नाही," मी म्हटलं.

"आज नापास व्हायची पाळी माझी."

आणि कागदातल्या चिप्स गार होत असताना त्यांनी मला सांगितलं.

त्यांचे वडील सैन्यात जनरल होते. युलानताईंचं बालपण उंच भिंतींच्या आवारात गेलं. दारावर सैनिक, जेवण वाढायला सैनिक, शाळेत पोहोचवायला काळी गाडी. त्या गाडीच्या खिडक्यांना जाड राखाडी पडदे होते आणि ते उघडायचे नाहीत अशी सक्त सूचना. बाहेरच्यानं आत बघायचं नाही म्हणजे आतल्यानंही बाहेर बघायचं नाही. शाळेचा रस्ता त्यांना आवाजांवरून माहीत होता: इथे सायकलींच्या घंट्या, इथे कोळसा फोडणारे, इथे पूल. गाडी चालवायचा तरुण दिंग. वडील गाडीत नसले की हा दिंगकाका पडद्याचा एक कोपरा वर करून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. तेवढ्या त्रिकोणातून ती मुलगी शहर बघायची.

"घरात वडील फार बोलायचे नाहीत. मी अंधाराला घाबरायची, तेव्हा एकदा म्हणाले होते, या घरात कुणी घाबरत नाही. ते मी कायम लक्षात ठेवलं."

त्या सोळा वर्षांच्या होत्या तेव्हा वडील एका सकाळी मीटिंगला गेले ते परत आले नाहीत. थोड्याच दिवसांत त्यांचं नाव गद्दार म्हणून भिंतींवर लागलं. शाळेतल्या पुस्तकातल्या एका फोटोतला त्यांचा चेहरा मुलींना शाईनं खोडायला लावला. युलानताईंनाही खोडावा लागला. मोठी सभा भरली, त्यात लोक एकामागून एक उठून आरोप करत होते. दिंगकाकाही उठला. जनरल गाडीत बसून वरिष्ठांविरुद्ध बोलत असे, असं तो म्हणाला. आईला आणि त्यांना मागे बसवलं होतं, लाऊडस्पीकर खरखरत होता, पुढचं ऐकू आलं नाही. पण त्याची साक्ष निर्णायक ठरली. तो रोज त्यांच्याबरोबर असणारा माणूस होता.

मायलेकींना उघड्या ट्रकमधून स्टेशनवर नेलं. "पहिल्यांदा मला शहर अख्खं दिसलं," युलानताई म्हणाल्या. "इतकं सुंदर होतं! मला लाज वाटत होती की अशा वेळी आपल्याला हे सुंदर दिसतंय. आणि भीती वाटत होती, त्याचीही लाज वाटत होती."

उत्तरेकडच्या थंड मुलखात सरकारी शेतावर त्यांना टाकलं. गद्दाराच्या मुलीशी कुणी बोलायचं नाही. ट्रॅक्टरवर असलेली गाओ नावाची एक रांगडी बाई मात्र कुणाला जुमानत नव्हती. तिला हाताखाली माणूस हवा होता. युलानताई ट्रॅक्टर बघूनच गारठल्या. गाओ म्हणाली, "घाबरलीस ना? बरं झालं. न घाबरणारे बोटं तोडून घेतात." ट्रॅक्टरच्या आवाजात कुणी आपल्याशी बोलत नाही हे जाणवायचंही नाही. त्या शेतावर त्या उत्तम ट्रॅक्टर चालवणारी म्हणून नावाजल्या. वडील कैदेतच वारल्याची बातमी तिथेच, कित्येक महिने उशिरा कळली.

"मग पुष्कळ वर्षांनी सरकार म्हणालं, चूक झाली होती. आईला फ्लॅट दिला. मला शिकायला बाहेर पाठवलं. इथे आले, शेतीच्या यंत्रांबद्दल शिकायला. लायब्ररीत पुस्तक मिळेना, तर एक उंच माणूस शोधायला लागला. त्याला ते पुस्तक सापडायला दोन महिने लागले." त्या हसल्या. "मुद्दाम. त्यानं नंतर कबूल केलं."

"आणि दिंगकाका?"

त्यांनी एक गार चिप उचलली आणि परत कागदात ठेवली. "तो तेव्हा पंचविशीतला. बायकोचे दिवस भरत आले होते. तो बोलला नसता तर दुसरा बोलला असता. हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं ठाऊक आहे. पण त्या मुलीनं नाव घेतलं आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला."

त्या दिवशी मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले, म्हणजे गाडी मी चालवली आणि पुढे बसनं गेले. केनदाजींनी चहा केला. त्यांना सगळं माहीत असणार. त्यांनी कप समोर ठेवला आणि नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "त्या पोरीची टेस्ट कधी आहे?"

"या महिन्याच्या शेवटी."

"पार्किंग जमतं तिला?"

"काहीच जमत नाही. गाडी आडवी लावते."

"मग?" केनदाजी म्हणाले, आणि बिस्किटांचा डबा शोधायला लागले.

युलानताईंनी माझ्याकडे बघितलं. मग फोन उचलला आणि जियाला शनिवारची वेळ दिली.

त्या शनिवारी मी मागच्या सीटवर होते. जियानं एका सुपरमार्केटच्या गाडीतळावर रिकाम्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा पार्किंग केलं आणि अखेरीस एकदा गाडी रेषांच्या मधोमध आली. युलानताईंनी इंजिन बंद करायला सांगितलं आणि चिनीत काहीतरी म्हणाल्या. जियानं घाबरत फोन काढला. तिच्या देशात तेव्हा संध्याकाळ होती. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला, डोक्यावर लोकरीची टोपी. मी उतरायला निघाले तर युलानताईंनी मागे हात करून मला थांबवलं.

मला एक शब्द कळत नव्हता. म्हातारा आधी नुसता रडला. मग त्यानं एक हाक मारली, दोनदा, लहानपणची असावी. युलानताई ताठ बसल्या होत्या. त्यांनी एक छोटा प्रश्न विचारला. म्हातारा बोलायला लागला, थांबत, खोकत. जिया स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. शेवटी म्हातारा एक वाक्य बोलला. आणि युलानताईंची पाठ, मी शपथेवर सांगते, सीटला टेकली.

फोन संपल्यावर त्यांनी माझ्यासाठी इंग्रजीत सांगितलं.

"मी विचारलं, माझे वडील गाडीत काय म्हणाले होते. कारण ते मला कधी कळलंच नाही. कागदात नव्हतं, सभेत ऐकू आलं नाही. तो म्हणाला, सीमेवरची एक चौकी बघून ते परत येत होते. बर्फ होतं. तिथल्या पोरांच्या पायात कापडी चपला होत्या. आणि सगळ्यांना बूट मिळाले असा अहवाल वर गेलेला होता. वडील गाडीत म्हणाले, हे कुणीतरी वर सांगायला पाहिजे, आणि बहुतेक मलाच सांगावं लागेल. मीटिंगमध्ये त्यांनी ते सांगितलं. मग दिंगकाकाला विचारलं गेलं, ते आधी काय बोलत होते. त्यानं सगळं सांगितलं. एक वाक्य सोडून. ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तेवढं एक त्यानं माझ्या वडिलांसाठी राखून ठेवलं."

"कोणतं?"

"वडील म्हणाले होते, मला भीती वाटते."

आणि युलानताई हसल्या. डोळे भरलेले, पण हसणं खरंच आनंदाचं. "माझे वडील! घाबरले होते! आणि तरी गेले!" त्यांनी जियाच्या गुडघ्यावर थाप मारली. "चल. आरसा, सिग्नल. भूक लागली."

त्यांनी म्हाताऱ्याला काय उत्तर दिलं, हे मी विचारलं नाही. जियानं नंतर सांगितलं: त्या म्हणाल्या, तुझी नात पार्किंग शिकतेय, काळजी करू नकोस. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा फोन लाव.

तो पुन्हा लागला. मग लागतच राहिला. जिया पास झाली तरी शनिवारी गाडीत येऊन बसायची, फोन धरायला. दिंगकाका वडिलांबद्दल बारीकसारीक सांगे: त्यांना गाडीत झोप लागायची, झोपेत तोंड उघडं पडायचं, त्यांना गोड रताळी आवडायची आणि ते बायकोपासून लपवून खायचे. युलानताई ते सगळं आम्हाला सांगायच्या, सिग्नलला थांबल्या-थांबल्या. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना वडील मिळत होते आणि त्या ते मजेनं घेत होत्या.

मी सासूबाईंना फोनवर हे कळवलं. त्या म्हणाल्या, "पोरांच्या बुटांसाठी होय! तिला सांग, चांगल्या कामात गेली हो नोकरी." मी ते शब्दशः पोहोचवलं. युलानताई म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंना सांग, चटणी संपली."

मी तिसऱ्या टेस्टला पास झाले. अर्थातच चिप्स मिळाल्या नाहीत. पण त्या दिवशी परतताना युलानताई स्वतःहून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. पुढे माझ्या शेजारी, त्या दिवशी मुद्दाम आलेले केनदाजी, आणि ते मला प्रत्येक झाडाचं नाव सांगत होते.

दोनेक वर्षांनी मला ग्लासगोला नोकरी मिळाली. निघायच्या आठवड्यात निरोपाची जेवणं झाली, रडणं झालं, युलानताईंकडेही जाऊन आले. तरी त्या मला अजून एकदा दिसल्या.

हॉस्पिटलात ओळखपत्र परत करायला गाडीनं चालले होते. दुपारची वेळ, बारीक पाऊस, स्टॉकपोर्टजवळच्या मोठ्या राउंडअबाउटवर, गोल चौकात, गाड्या अडकलेल्या. माझ्या पुढे बऱ्याच गाड्या होत्या. रांगेच्या तोंडाशी लाल छोटी गाडी बंद पडलेली दिसली, धोक्याचे दिवे लुकलुकत होते. तिच्या मागच्या मोठ्या पांढऱ्या व्हॅनवाल्यानं हॉर्नवर हात दाबून ठेवला होता, आणि ते ऐकून मागचेही वाजवायला लागले होते.

डावीकडचं दार उघडलं आणि निळं जाकीट बाहेर आलं. पावसात, टोपी न घालता, युलानताई चालत व्हॅनपर्यंत गेल्या. काच खाली झाली. त्या काय बोलल्या ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं. थोडंसंच बोलल्या. एकदा हात करून आपल्या गाडीत बसलेल्या कुणाकडे तरी दाखवलं. व्हॅनवाल्यानं इंजिन बंद केलं, खिडकीतून कोपर बाहेर काढलं आणि मागच्यांना थांबायची खूण केली. युलानताई मागच्या गाडीकडेही गेल्या. मग तिच्याही मागच्या. माझ्यापर्यंत आल्या नाहीत. तेवढी गरज पडली नाही. परत जाऊन, दार उघडून, आत बसल्या.

लाल गाडी सुरू झाली, एक गचका खाऊन हातभर पुढे सरकली आणि पुन्हा बंद पडली.

आम्ही सगळे पावसात तसेच थांबून राहिलो. हॉर्न कुणीच वाजवला नाही.